सर्ज्या तापायलाय

११ एप्रिल

आज परत इन्व्हर्टर बंद पडला. दुकानात मिक्सर उघडून बसले होते, तेवढ्यात शेजारच्या चंद्रकलाचा फोन. "नंदाताई, या बरं लवकर, तुमच्या सासूबाईचं मशीन बोंबलायलंय." बाजाराचा दिवस, रस्त्यात कैऱ्यांच्या पाट्या, स्कूटी कुठून काढावी कळेना. घरी पोचले तर आत्या, म्हणजे सासूबाई, खाटेवर बसलेल्या, नळी नाकात, ऑक्सिजनचं मशीन सुरू. स्वतःच उठून, भिंत धरत धरत इन्व्हर्टरपर्यंत जाऊन बटण दाबून आल्या होत्या. ओठ निळसर. आणि मलाच म्हणतात, "आलीस कामून धावत? दुकान उघडं टाकून?"

आता ह्यांना काय सांगावं! नळी काढून चालायचं म्हणजे आत्याला विहिरीतून पाणी शेंदण्याइतकं जड. मानवतच्या जिनिंगमध्ये उभा जन्म कापूस वेचला, सरकी झाडली, ती धूळ छातीत बसली. डॉक्टर म्हणाले, मशीन दिवसभर पाहिजे. आणि इकडं लाईन रोज दुपारी जाते. मधे फक्त माझा इन्व्हर्टर. माझा म्हणजे माझ्या हातानं बनवलेला. ताडकळसमध्ये अर्ध्या घरांत माझे इन्व्हर्टर आहेत, एकही बोंब मारत नाही. माझ्याच घरातला मारतो.

आत्यानं त्याचं नाव सर्ज्या ठेवलंय. त्यांच्या जुन्या बैलाचं.

१२ एप्रिल

सर्ज्या उघडला. बाकी सगळं ठीक. तापतोय म्हणून स्वतःला बंद करून घेतो, तेवढंच. म्हणजे दोष हीटसिंकचा, आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचा. म्हणजे माझा.

डिप्लोमाचं पुस्तक काढलं. उष्णतेची वाट कागदावर मांडली: मॉसफेटच्या, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या चिपच्या, पोटातून त्याच्या पाठीला, पाठीतून अभ्रक आणि पांढरं मलम ओलांडून ॲल्युमिनियमला, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमधून, म्हणजे फिनमधून, हवेला. प्रत्येक ठिकाणी थोडा अडथळा. सगळे अडथळे जोडायचे, किती वॅट उष्णता निघते त्यानं गुणायचे, त्यात हवेचं तापमान मिळवायचं, की आत किती तापेल ते निघतं. शाळेतलं गणित आहे, अवघड नाही.

चूक सापडली. बनवताना हवा पंचवीस धरलेली. पुस्तकात पंचवीस लिहिलंय ना! पंचवीस डिग्री इथं कधी असते, पोळ्याच्या पहाटे? आत्याच्या खोलीत पत्र्याखाली आज दुपारी सत्तेचाळीस होतं. म्हणजे सर्ज्याला तापायला जी मोकळीक मी दिली होती ती अर्धी हवेनंच खाल्ली. लाज वाटली. परभणीत जन्म गेला आणि हिशेब कुठल्या तरी थंड गावाचा केला.

१४ एप्रिल

परभणीच्या भंगार बाजारातून मोठा हीटसिंक आणला. कुठल्या तरी वेल्डिंग मशीनचा असावा. फिनच फिन, दाट. हातात घेतला तेव्हाच आनंद झाला, म्हटलं आता बघते कसा तापतो ते. बसवला. दुकानात संध्याकाळी बल्ब लावून अर्धा तास चालवला. हात लावला तर कोमट. हे ड्यूटीवरून आले (पूर्णा जंक्शनला असतात, पॉइंट्समन), त्यांना दाखवला. "झालं का मंग?" म्हणाले. मी म्हटलं, झालं.

१६ एप्रिल

झालं नाही.

दुपारी परत तेच. चंद्रकलाचा फोन, मी स्कूटीवर, आत्या भिंतीला टेकलेल्या. आज खाटेपर्यंत परत पोचता आलं नव्हतं, इन्व्हर्टरच्या शेजारीच जमिनीवर बसल्या होत्या, नळी ओढून घेतलेली. मी ओरडलेच. "मी येईपर्यंत थांबता येत नाही का?" त्यावर दम खात खात म्हणाल्या, "तू येईस्तोवर... श्वास थांबवून धरू का?"

बरोबर आहे. माझीच जीभ घसरली.

नंतर कळलं, अर्ध्या तासाची चाचणी म्हणजे काही नाही. एवढा मोठा ॲल्युमिनियमचा गोळा, तो हळूहळू तापतो. पहिला अर्धा तास नुसती उष्णता पोटात साठवतो. खरं रूप तास-दीड तासानं दाखवतो. संध्याकाळच्या गार वाऱ्यात अर्धा तास बघून मी खूश झाले, गाढव.

१८ एप्रिल

आज एक गोष्ट केली, बरं वाटलं. उदबत्ती पेटवून तापलेल्या हीटसिंकच्या खाली धरली. धूर वर गेला, फिनपाशी आला आणि बाजूनं निघून गेला. आतच शिरेना! फिन इतके दाट की मधल्या गल्लीत हवेला पाय ठेवायला जागा नाही. जास्त फिन म्हणजे जास्त गारवा असं वाटलं होतं. पण तापलेली हवा वर जायची तर तिला वाट पाहिजे. प्रत्येक फिनला चिकटून हवेचा एक सुस्त थर असतो, दोन फिन फार जवळ आले की दोन्हीकडचे थर एकमेकांत मिसळतात आणि हवा तिथंच बसून राहते. फार लांब ठेवले तर फिनच कमी पडतात. मधलं अंतर शोधायचं, सगळी कला तेवढीच.

कीस उडू नये म्हणून पत्र्याचा आडोसा लावला, करवतीनं एकाआड एक फिन कापून काढला. आणि हीटसिंक आडवा होता तो उभा केला, फिनच्या गल्ल्या खालून वर. परत उदबत्ती. धूर सरळ आत, वरून बाहेर. आत्या खाटेवरून बघायल्या होत्या. म्हणाल्या, "सर्ज्याला धूप दाखवायलीस, नैवेद्य बी दाखव."

२१ एप्रिल

दुकान बंद ठेवलं. दिवसभर घरी. लाईन बारालाच गेली, तीनपर्यंत नाही. सर्ज्या चालला! मी समोर पाट टाकून बसले, दर थोड्या वेळानं फिनला हात. चटका बसतो पण हात धरून ठेवता येतो, म्हणजे ठीक. आत्याला शेवयाची खीर केली. दोन घास खाल्ले त्यांनी, मग थकल्या. पण गप्पा मारल्या. सर्ज्या बैलाच्या. त्याला पोळ्याला घालायची लाल झूल स्वतः शिवली होती, आरसे लावून. बैल विकला त्या वर्षी झूल दिली नाही. "बैल गेला, झूल कशी देऊ," म्हणाल्या.

मी नुसतं हं हं केलं, लक्ष फिनकडे.

२३ एप्रिल

बंद पडला.

मी दुकानात होते. दोन दिवस मी घरी होते तर नीट, आज परत. फोन येताच घरी आले, बटण पुन्हा दाबलेलं होतंच, मशीन सुरू होतं. आत्याचा हात हातात घेतला तर नखं निळी.

हे म्हणाले, "तू घरी असली की चांगला चालतो त्यो. तुझ्या धाकात हाय." हसू आलं नाही. मोरीत जाऊन रडले. इतक्या लोकांचं सामान नीट करते मी, आणि ज्या एका माणसाचा श्वास माझ्या हातच्या पेटीवर आहे तिथंच हरायले.

मशीन आहे. माझा धाक-बिक काही नसतो. मी नसताना काहीतरी वेगळं होतंय. पण काय?

२५ एप्रिल

पंखा लावला. हरले म्हणून लावला. पंखा म्हणजे फिरणारी वस्तू, फिरणारी वस्तू कधीतरी थांबणारच, आणि समोर हायवेचं काम, दिवसभर टिप्पर, खोलीत बोटभर धूळ. मला बिनपंख्याचाच पाहिजे होता. पण आता आत्या महत्त्वाच्या की माझा हट्ट? हीटसिंकच्या खाली बसवला, हवा वर फेकणारा.

आत्या: "ह्यो घोरायलाय."
मी: "घोरू द्या."
आत्या: "मला झोप न्हाई येणार."
मी: "मग भजन म्हणा."
बोलून गेले आणि वाईट वाटलं. भजन म्हणायला दम कुठाय त्यांना. पण त्या हसल्या.

२८ एप्रिल



आज पंखाच अडकून बंद पडला, त्यामागं सर्ज्या. पोचले, पंखा काढला. पात्यात लाल दोरा गुंतलेला. लाल दोरा, आणि एक बारका आरसा, करंगळीच्या नखाएवढा.

आत्याकडे बघितलं. त्या छताकडं बघायल्या. उशीखाली हात घातला मी. निघाली झूल. त्या बैलाची झूल, कापून लहान केलेली, कडेला नवी शिवण. सर्ज्याच्या मापाची.

"कधीपासून?"
"गुढीपाडव्यापासून."
"आत्या! त्याच्यावर काही टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?"
"टॉवेल टाकू नको म्हणलीस. ही झूल हाय." मग दम घेऊन, "लय धूळ येती नंदा. तिकडून दुपारचं ऊन सरळ त्याच्या पाठीवर. बिचारा मलाच वढायलाय न्हवं? मंग त्याला उघडं ठेवू?"
"आणि मला का नाही सांगितलं?"
"तू इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. उदबत्तीला विचारलं, पुस्तकाला विचारलं. आत्याला नाही विचारलं.

दुपारी मी गेले की झूल घालायच्या. सर्ज्या बोंबलला की बटण दाबायला झूल काढावी लागे, ती उशीखाली, खाटेपर्यंत पोचता आलं नाही त्या दिवशी पदराखाली. मी येईपर्यंत सगळं साफ. ते दोन दिवस मी घरी, म्हणून झूल नाही, म्हणून चालला. एवढं सरळ होतं.

म्हटलं, "आत्या, ज्याच्यानं तुम्हाला श्वास येतो त्याचाच तुम्ही श्वास कोंडायल्या होत्या." जरा जास्तच कडक बोलले. त्यांनी झूल घडी करून माझ्या हातात दिली.  रात्री जेवल्या नाहीत.

२९ एप्रिल

झूल कपाटात ठेवली. सर्ज्या पंख्याशिवाय दुपारभर चालला. जिंकले म्हणायचं. पण आत्या भिंतीकडं तोंड करून. सर्ज्याचं नाव पण काढेनात. मशीन म्हणाल्या आज, "तुझं मशीन".

चंद्रकला म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला काय कामधंदा असतो ताई? तेवढाच जीव रमत होता." मला राग आला तिचा. खरं बोलली म्हणूनच आला.

२ मे

दोन दिवस डोक्यात तेच. धुळीचं आत्याचं म्हणणं खरंच आहे. आज फिनच्या गल्ल्या बघितल्या, आत्ताच मळायला लागल्यात. उन्हाचंही खरं. खिडकीतून दोनला ऊन थेट फिनवर, मोजलं, चांगला फरक पडतो. म्हणजे झूल का पाहिजे ते त्यांना बरोबर माहीत होतं. कशी पाहिजे तेवढं मला माहीत आहे.

मग डोक्यात आलं ते असं. झूल वरून बंद असली तर हवा कोंडते. पण झूल वरून उघडी, खालून उघडी, चारी बाजूंनी बंद, आणि चांगली उंच असली तर? तर ती धुराडं होते! गरम हवा जितक्या उंच नळीतून वर जाते तितकी खालची हवा जोरानं ओढून घेते. चुलीचं धुराडं उंच असलं की चूल चांगली ओढते, तसं. मग झूल अडथळा नाही, झूलच पंखा. बिनआवाजाचा, न थांबणारा.

आत्याच्या खाटेपाशी जाऊन बसले. म्हटलं, झूल परत शिवायची आहे. उंच. वरून उघडी. मला शिवता येत नाही.

आत्या भिंतीकडं तोंड करूनच. मग: "वरून उघडी? मंग पाऊस आला तर?"
"घरात पाऊस कुठून येईल?"
"पत्रा गळतो ना गं. तुझ्या नवऱ्याला दोन वर्षं झाली सांगायले."
तोंड भिंतीकडून इकडं वळलं होतं.

५ मे

कामाचा दिवस. पत्र्याची नळकांडी करून आणली, दोन हात उंच, कापड तापल्या भागाला लागू नये म्हणून. ती हीटसिंकभोवती, बोटभर जागा सोडून, खाली वीतभर उघडी. त्यावरून झूल. खालच्या तोंडाला आत्यानं जुन्या लुगड्याची विरविरीत पट्टी लावायला सांगितली, धूळ अडेल पण हवा जाईल. मला सुचलं नसतं. पण नंतर त्यांनीच म्हटलं, "रोज झटकावी लागंल," आणि ते काम स्वतःकडं घेतलं. नळी तिथपर्यंत ओढून, पाटावर बसून, हात पोचतो तेवढं.

टाके घालताना दर चार टाक्यांनी थांबायच्या. मी सुई ओवून द्यायची. एकदा म्हणाल्या, "तुझे आरसे वाकडे आलेत." माझे म्हणजे मी लावलेले दोन.

दुपारी मोजलं. उघडा सर्ज्या आणि झूल घातलेला सर्ज्या, त्याच उन्हात, दोन-दोन तास. झूल घातल्यावर फिन चांगले गार. माझाच विश्वास बसेना, दुसऱ्या थर्मामीटरनं मोजलं. तेच.

आत्याला सांगितलं. त्यांना अजिबात आश्चर्य नाही. "म्हणलं न्हवतं का मी, त्याला झूल पायजे."

वाद घालणार होते. सोडून दिलं. म्हटलं, हो, म्हणल्या होत्या.

१२ मे

घामच फुटायलाय बसल्या जागी. कुत्री गटारीत लोळायलीत. लाईन दुपारी जाते ती चहाच्या वेळेला येते. सर्ज्या ठणठणीत. दुकानात मन लागतं आता. फोन वाजला की आधी स्कूटीची किल्ली शोधत नाही.

सवय मात्र लागली: घरी पोचले की चप्पल काढायच्या आधी झुलीखाली हात घालायचा. फिन गरम लागले की बरं वाटतं. गरम म्हणजे मशीन चालू, म्हणजे आत्या श्वास घ्यायल्यात. जास्त गरम असू नये एवढंच. आत्या ओरडतात, "आधी माझी चौकशी कर, मंग त्याची."

१३ मे

मानवतहून एक जण आला, त्याला कुक्कुटपालनाच्या शेडसाठी "झूलवाला इन्व्हर्टर" पाहिजे! चंद्रकलानं गावभर केलंय. म्हटलं, माप घेऊन ये. आत्याला सांगितलं तर म्हणाल्या, आरसे लावणार न्हाई, कोंबड्या चोची मारतील.

२० मे

आत्या दोन दिवस झाले पट्टी झटकायला उठल्या नाहीत. मी झटकली. तर म्हणाल्या, "मी झटकणार व्हते." आवाज अगदी खोल. पायावर सूज. परभणीला डॉक्टरांनी तपासलं, मशीनवर ऑक्सिजनचे लिटर वाढवायला सांगितलं. वाढवलं. मला बाजूला घेऊन बोलले ते इथं लिहीत नाही.

सर्ज्याला हे झेपतंय. मी हिशेब केला होता त्यात थोडी जागा सोडलेली, ती आता कामाला आली. आत्याच्या छातीत अशी जागा शिल्लक नाही. तिथं माझं गणित चालत नाही, ह्याचा भयंकर राग येतोय. कोणावर काढू?

२३ मे

सकाळी नांदेडला नेलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना शुद्धीवर होत्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "झूल काढू नको. धूळ बसंल."

हे तिथं थांबलेत. मी कपडे, भांडी, कागद न्यायला परत आले.

२५ मे

अजून आयसीयूतच आहेत. काल भेटू दिलं, काचेतून. आज ह्यांनी घरी पाठवलं, झोप म्हणून. झोप येत नाही. घर इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं. मशीनची सूं-सूं नाही. ती सूं-सूं ऐकू येत होती हेच आज कळलं.

बारा वाजता लाईन गेली. सर्ज्या टिक् करून सुरू झाला, नुसत्या माझ्या एका पंख्यासाठी. सवयीनं झुलीखाली हात घातला.

गार. अगदी गार, पितळी तांब्यासारखे फिन. दीड महिना ह्याच गारव्यासाठी जिवाचं रान केलं मी. आज हात पटकन काढून घेतला.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "थोडं बोलायलीय आई. मास्क काढून तुलाच इचारायली." मग मागून, लांबून, एकेक शब्द: "नंदा... सर्ज्या तापायलाय का?"

मी म्हटलं, "न्हाई आत्या. चांगला हाय."

उद्या सकाळी डॉक्टर राउंडला येतील, मग सांगतो म्हणाले हे. फोन ठेवला.

मग मी काय केलं ते कोणाला सांगायचं नाही. आत्याचं मशीन सुरू केलं. नळी त्यांच्या उशीवर ठेवली. सूं-सूं सुरू झाली. पट्टीवरची धूळ झटकली, आणि सर्ज्यापाशी पाट टाकून बसले. तास झाला असेल. हात लावला. गरम लागायला लागले होते फिन. तशीच बसून राहिले. लाईन आली तरी मशीन बंद केलं नाही.